पत्रिकेत नसलेलं नाव

दत्तूअण्णांकडे मी तबला शिकायला गेलो, तेव्हा पहिले तीन महिने त्यांनी मला तबल्याला हात लावू दिला नाही. ते भजनाला साथ करत आणि मी मागे बसून नुसतं ऐकायचं. कंटाळून विचारलं, तर म्हणाले, "आधी कान तयार कर. हाताचं बगू नंतर." हात पुढे बरा तयार झाला. कानाबद्दल लिहिताना मात्र मान खाली जाते.

शुगर फॅक्टरीतली नोकरी सांभाळून अण्णांनी नगर जिल्हाभर साथ केली. तिसगावला नवरात्रात एक नवखी गायिका घाबरून तालाला चुकली. अण्णा आपणच चुकल्यासारखे हसले, लोकांची माफी मागितली आणि पुन्हा सुरुवात केली. लोक अण्णांना हसले आणि ती मुलगी निर्धास्त गायली.

मी तेव्हा इथल्या एका दैनिकात शहरातल्या कार्यक्रमांवर सदर लिहीत असे. एका दिवाळी पहाटेला दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांची भाषणं लांबली आणि मी मित्रांबरोबर मिसळ खायला सटकलो, तो परतलोच नाही. घरी निमंत्रणपत्रिका समोर ठेवून ठोकून दिलं, की पुण्याच्या तबलावादकांनी मैफलीत रंग भरला.

भाऊबीजेला अण्णांकडे फराळाला गेलो, तर त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, चष्मा लावून तोच अंक वाचत होत्या. "पुन्याचे पाव्हणे आलेच न्हाईत, ऐनवेळी ह्यांनी वाजवलं," त्या मला म्हणाल्या. "आन नाव दुसऱ्याचंच कसं काय?"

अण्णांनी शांतपणे करंजी मोडली. "छापताना उलटपालट झालं आसंल. व्हय ना रं?"

"हो, छपाईतली चूक," मी म्हणालो. काकींनी बिचाऱ्या छापणाऱ्यांना चार शब्द सुनावले आणि माझ्या ताटलीत आणखी चिवडा वाढला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी, आणि वर चिवडाही खाल्ला.

निघताना अण्णा फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "मिसळ तरी चांगली हुती का?" ऐनवेळी वाजवायला येताना त्यांनी मला मिसळीच्या हॉटेलात पाहिलं होतं. एका ओळीची दुरुस्ती छापता आली असती. सदर जाईल म्हणून मी ती दिली नाही. अण्णांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही आणि शिकवणंही थांबवलं नाही. त्याचीच मला अधिक लाज वाटते.

आज अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. हा गौरवग्रंथ काकी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतील, हे ठाऊक असूनच लिहितो आहे. काकी, ती छपाईतली चूक नव्हती. मी मैफलीला नव्हतोच, आणि तुमच्याशी खोटं बोललो.

अण्णांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांची बोटं अशीच चालत राहोत. हे वाचून काकींनी यंदा मला फराळाला बोलावलं नाही, तर अण्णा, एवढ्या वेळी मला सांभाळून घेऊ नका.