बाबाले उठवू का?

दुर्गजवळच्या कोहक्यातलं मथुराबाईंचं घर गल्लीत ओळखायला सोपं होतं. दिवसाढवळ्या जिथं सगळे कुजबुजत बोलतात, ते घर. नवरा केवलराम पोलाद कारखान्यात कामगार. नाइट शिफ्ट करून आले की दुपारपर्यंत झोपणार. ते झोपले की मथुराबाई दाराशी गहू निवडत बसायच्या आणि येणारी प्रत्येक बातमी तिथंच पारखून घ्यायच्या. दूधवाला, वीजबिल, पोरांची भांडणं, यासाठी उठवायचं नाही. पाहुणा आला तर पाणी देऊन बसवायचं. कारखान्याचा माणूस आला तरच उठवायचं. लहानगी दामिनी गुडघा फोडून घेऊन आली, तरी रडण्याआधी दारात विचारायची, "आई, बाबाले उठवू का?"

केवलराम माणूस वाईट नव्हते, पण झोपमोड झाली की जमदग्नी. एकदा विनाकारण उठवलं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि मग कितीतरी दिवस अबोला धरला होता. तेव्हापासून मथुराबाईंना मोठी गोष्टही हळू आवाजात सांगायची सवय लागली. बिचाऱ्या करणार काय!

त्यांच्या माथी एक बोल मात्र कायमचा लागला होता. केवलरामांची आई गावी, आमगावला, आजारी पडली, तेव्हा सकाळीच शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला होता. केवलराम नेहमीसारखे दुपारी उठले, आमगावची गाडी चुकली, आणि ते पोचेपर्यंत म्हातारी गेली होती. साऱ्या भावकीत एकच वाक्य फिरत राहिलं, की मथुरेनं नवऱ्याला उठवलं नाही. मथुराबाईंनी त्यावर कधी उत्तर दिलं नाही. दामिनीलाही ते खरंच वाटायचं, आणि मनातून आईचा रागही यायचा.

आता दामिनी तिशीला आली. जवळच्याच जुनवानीतल्या एका लहानशा कंपनीत ती लसींच्या फ्रिजवर बसवायच्या यंत्रासाठी ड्रायव्हर लिहिते. हा ड्रायव्हर गाडीचा नव्हे, हे बाबांना पटवण्यात तिचा अर्धा रविवार गेला होता. फ्रिजमधला सेन्सर तापमान मोजतो. ते संगणकापर्यंत पोचवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. पोचवता पोचवता तो काय घडलं त्याच्या ओळीही लिहीत जातो, आणि कोणती ओळ किती गंभीर, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. तिच्या आधीच्या माणसानं सरसकट सगळ्याला 'एरर', म्हणजे लाल ओळ, ठरवून टाकलं होतं. यंत्र सुरू झालं, एरर. वायर काढून लावली, एरर. पडदा सदा लाल. दवाखान्यातल्या लोकांनी तिकडे बघणंच सोडून दिलं होतं.

मालक नरेशनं फर्मान काढलं, लाल ओळी घालवा, गिऱ्हाईक घाबरतं. दामिनी एकेक ओळ घेऊन बसली. पुस्तकात नियम पुष्कळ होते, तिनं घरचाच लावला: ही ओळ वाचून कोणी उठायचं आहे का? यंत्र सुरू झालं, तर कशाला कोणाला उठवायचं? ती नुसती 'इन्फो'. सेन्सर वारंवार अडखळतोय, पण बोलतोय, तर 'वॉर्निंग'; सवडीनं वायर बघा. जे फक्त तिच्याच कामाचं, ते सगळं 'डीबग'मध्ये, एरवी कोणाला दिसायलाच नको. पडदा शांत झाला. नरेश खूश झाला.

एका ओळीवर मात्र दोघांचं अडलं. सेन्सर पार गप्प झाला, तर ड्रायव्हर आधीचंच तापमान पुन्हा पुढं करायचा. आत लसी तापल्या तरी पडद्यावर थंडगार आकडा. नरेश म्हणत होता, हीही ओळ 'डीबग'मध्ये ढकल. नोकरी नवी होती, म्हणून दामिनीनं हो-नाही काहीच म्हटलं नाही.

त्या रविवारी जेवताना तिनं हे बाबांना सांगितलं. केवलराम आता रिटायर; झोपही भरपूर आणि ऐकायला वेळही भरपूर. त्यांनी विचारलं, मग तो ड्रायव्हर सांगतच नाही का?

"सांगते ना, बाबा. पण इतक्या हळू, का कोणी उठतच नाही."

"हळू कावून सांगते?"

"मालकाले आवाज सहन होत नाही म्हणून."

मथुराबाई वरण वाढत होत्या. केवलरामांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढचं जेवण मान खाली घालून उरकलं.

दुपारी दुर्गहून केवलरामांची थोरली बहीण सिंधुताई नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. चहा झाला. निघता निघता तिनं ठेवणीतला टोमणा मारलाच: मुहूर्त सकाळचा आहे, नवऱ्याला वेळेवर उठव, आईच्या वेळेसारखं नको करू. मथुराबाई नेहमीप्रमाणे कपबशा उचलायला वाकल्या.

"ताई," केवलराम म्हणाले, "तिनं उठवलं होतं मले."

सिंधुताईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"खांदा हलवून उठवलं. आईले बरं नाही, फोन आला म्हणे. मी इचारलं, लय हाय का? थोडंसं, म्हणे. मी कूस बदलली न झोपलो. मंग सारे तिलेच बोलून राहिले, न मी बोलू देलं."

मथुराबाईंनी हातातल्या कपबशा पुन्हा खाली ठेवल्या.

"थोडंसं नव्हतं म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "हळू म्हटलं, पण लय हाय म्हटलं होतं. तुमाले थोडंसं आयकू आलं."

दामिनी उठून आईला खेटून बसली. आपणही इतकी वर्षं हिलाच दोषी धरलं, याची तिला मनापासून लाज वाटली. डोळ्यांतलं पाणी तिनं लपवलंही नाही.

सोमवारी तिनं ड्रायव्हरला जुना आकडा पुढं करायला बंदी घातली, आणि सेन्सर गप्प झाल्याची ओळ 'एरर' ठेवली. नरेशच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेव्हा तिनं त्याला शांतपणे सांगितलं, की हळू सांगितलेलं माणूस आपल्या सोयीनं ऐकतो, आणि दोष मात्र सांगणाऱ्यावर येतो. ही ओळ लालच राहील.