गणपूर्तीची घंटा

आमच्या मिनीबसचा चालक रायगडच्या किनाऱ्यावरचा होता. आम्हा चार-पाच जणींना तो रोज कुवेत सिटीतल्या कचेऱ्यांपर्यंत सोडायचा. एका उन्हाळ्यात जलीब या कामगार वस्तीतल्या खोलीवर तो झोपेतच गेला. त्याला गावच्याच कब्रस्तानात दफन करायचं, हा त्याच्या आईचा हट्ट. मृतदेह विमानाने मुंबईला पोचला आणि पुढे अडलं. त्याची बायको दिवसभर कार्गोच्या फाटकाबाहेर उभी होती. तेवढ्या लांब शववाहिका न्यायला कुणी तयार होईना. शेवटी गावातल्या एकाचा मासळीचा टेम्पो रिकामा परतत होता, त्यातून त्याला नेलं.

हे मला त्याच्या धाकट्या भावाने सांगितलं. तो जलीबमध्येच एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, काम करतो. मी फोनवर दादाला सांगितलं. माझा दादा तेव्हा शिक्षक मतदारसंघातून विधानपरिषदेवर होता. पुढच्या अधिवेशनात त्याने अशासकीय विधेयक मांडलं: परदेशात वारलेल्या कामगाराचं पार्थिव विमानतळावरून गावापर्यंत नेणं ही सरकारची जबाबदारी.

मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक बहुतेक वेळा भाषणापुरतंच जगतं. दादाचं मात्र परिषदेत मंजूर झालं. मग ते विधानसभेकडे गेलं आणि तिथे पडून राहिलं. निवडणुकीसाठी विधानसभा विसर्जित झाली, तेव्हा तेही संपलं.

"व्यपगत झालं," दादा म्हणाला.

"मग पुन्हा सुरू नाही करता येत?"

"थांबलं तिथून नाही. परत पहिल्यापासून. आणि या वेळी विधानसभेतूनच आणायला हवं, अडतं तिथेच. माझी मुदतही संपत आली."

नव्या विधानसभेत दादाने एक तरुण आमदारबाई गाठल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, त्यातून विरुद्ध पक्षाच्या. त्या म्हणाल्या, "सर, मसुदा तुमचाच घेते. पण श्रेय मागायचं नाही."

"तुम्ही फक्त मांडा," दादा म्हणाला.

चर्चेचा दिवस शुक्रवारचा आला. तिकडे अशासकीय कामकाज शुक्रवारीच असतं, इकडे आम्हाला सुट्टी. जुम्याची नमाज आटोपून चालकाचा भाऊ आमच्याकडे आला. नवरा मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात शिफ्टवर होता. मी लॅपटॉपवर विधानसभेचं थेट प्रक्षेपण लावलं. दादा परिषद सदस्यांच्या गॅलरीत बसला होता. तिथून सगळं दिसतं, पण बोलायची मुभा नाही.

आमदारबाई चांगल्या बोलल्या. मंत्री उठले. "सरकार या विषयाबाबत सकारात्मक आहे. सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं."

"अध्यक्ष महोदय, परिषदेतही हेच आश्वासन दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी मागे घेणार नाही."

माझी मुलगी आतून डोकावली. "हू इज विनिंग, आई?"

"गप्प बस जरा," मी खेकसले.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक सदस्य उभा राहिला. "अध्यक्ष महोदय, सभागृहात गणपूर्ती नाही."

शुक्रवारी दुपारी निम्म्याहून जास्त आमदार गावाकडे निघालेले असतात. घंटा वाजू लागली. ती थांबेपर्यंत ठरावीक संख्या भरली नाही, तर बैठक तहकूब. मग पुन्हा विधेयकांच्या सोडतीत चिठ्ठी निघून नंबर लागायची वाट बघायची, तोवर दादा सदस्य राहणार नव्हता.

"ताई, ही घंटा कसली?" चालकाच्या भावाने विचारलं. मी त्याला सांगितलं. त्याने मांडीवरची टोपी मुठीत आवळली.

फोन वाजला. दादा धापा टाकत होता. "कॅन्टीनमध्ये चाललोय. भेटेल त्याला आत पाठवतो. ठेव."

पासष्टीला आलेला माझा भाऊ, ज्या सभागृहात त्याला तोंड उघडता येत नव्हतं त्याच्यासाठी जिने उतरत होता. पडद्यावर रिकामी बाकं दिसत होती. घंटा वाजतच होती. एक आमदार आले. मग दोघं, एक जण रुमालाने तोंड पुसत. कोकणातले एक ज्येष्ठ, ते तर मंत्र्यांच्याच पक्षाचे, शेजारच्याला दंडाला धरून घेऊन आले. मी मोजत होते, चुकत होते, पुन्हा मोजत होते. मध्येच चित्र थिजलं. चालकाच्या भावाने नुसतेच डोळे मिटून घेतले.

चित्र हललं तेव्हा घंटा थांबली होती. अध्यक्ष म्हणाले, "गणपूर्ती झालेली आहे. चर्चा पुढे चालू."

ते कोकणातले ज्येष्ठ उठले. "मंत्रिमहोदय, असे मृतदेह आमच्या गावांत येतात. नाही म्हणू नका." मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडून आलेली चिठ्ठी वाचली आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे विधेयक पाठवायला कबूल झाले. आवाजी मतदानाने ते ठरलं. अशा समितीला परिषदेनेही नंतर होकार दिला.

"म्हणजे झालं की नाही, ताई?" चालकाच्या भावाने विचारलं.

"अर्धं झालं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

त्याने चहा घेतला नाही. दुकान उघडायचं होतं.

दादा दोन महिन्यांनी निवृत्त झाला. या हिवाळ्यात समितीने चालकाच्या भावाची साक्ष व्हिडिओवरून घेतली. सुरुवातीला तो हिंदीत बोलू लागला, तेव्हा समितीवर असलेल्या त्याच आमदारबाई म्हणाल्या, "तुमच्या घरच्या भाषेत सांगा." मग तो न अडखळता बोलला. अहवाल अजून आलेला नाही. दादा दर सोमवारी समितीच्या कार्यालयात फोन करतो, आणि नंतर मला.