पोरीनं अंग धरलं ते वर्ष

त्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली आणि त्यांच्या मागे आम्हीही तिथंच राहायला गेलो. नेकनूरजवळच्या माळावर दूध सोसायटीनं छावणी उघडली होती. दिवसभर पांढरं ऊन, उसाच्या वाढ्यांचा गोडसर वास आणि घुंगरमाळांचा आवाज. अजून डोळे मिटले की ती छावणी मला जमिनीला न टेकता तरंगताना दिसते.

टँकरचं पाणी आधी जनावरांना. पोरांच्या अंघोळी लांबल्या. माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या पायांवर फोड आले, पिकले, वाळले. सगळ्याच पोरांना आले होते, कुणी मनावर घेतलं नाही. खपल्या पडल्या आणि थोड्या दिवसांनी तिचं तोंड गोल दिसायला लागलं. सासूबाई खूश झाल्या, छावणीचं दूध मानवलं म्हणाल्या. शेजारच्या दावणीवरची बाई म्हणाली, "चारा जनावराला अन् अंग हिला. चोरून पेंड खाती का गं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. दुष्काळात भरलेलं पोर कुणाला मिळतं? मी तिला काजळाची तीट लावली.

एका सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. मग ती वासराजवळ जाऊन बसली. वासरू तिचा हात चाटत होतं. तिनं शांतपणे विचारलं, "आई, धुरळा कवा बसंल?"

धुरळा नव्हता. वारासुद्धा नव्हता. मी तिच्यासमोर बोटं हलवली, तोंड जवळ नेलं. ती माझ्या आवाजाकडं वळली, पण नजर माझ्या पलीकडं कुठंतरी होती.

सासूबाई मीठमोहऱ्या उतरवत होत्या, तेवढ्यात तिला झटका आला. हातपाय ताठ झाले. माझ्या मालकांनी तिला उचललं आणि आम्ही सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोत बसलो. मांजरसुंब्याच्या घाटात रिकामे कॅन एकमेकांवर वाजत होते आणि ती माझ्या मांडीवर झोपल्यासारखी पडली होती. बाहेरून डोंगर जात होते. हिला ते पुन्हा दिसतील का, एवढंच माझ्या मनात होतं.

बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या बारीक झाल्या. डोळे चांगले आहेत, त्या म्हणाल्या. पण तिला बॅटरी दिसलीच नव्हती. मग त्यांनी पायांवरचे डाग पाहिले, नडगीवर बोट दाबलं. तिथं खळगा तसाच राहिला. लघवी कशी होते, त्यांनी मला विचारलं. मालक उभे होते, कंपाउंडर उभा होता. मी पदर तोंडाला लावून भिंतीला सांगितलं, "कमी होती. अन् काळ्या चहावानी."

बाईंनी लगेच लहान पोरांचा दाब मोजायचा पट्टा आणायला सांगितला. रक्ताचा दाब म्हाताऱ्यांना असतो, एवढंच मला ठाऊक. तो तिला फार चढला होता. त्यांनी समजावलं, की फोडांमागून मूत्रपिंडं सुजली, त्यानं दाब चढला, आणि मेंदूचा मागचा भाग, जो बघायचं काम करतो, तो सुजला. दाब उतरला की नजर बहुतेक येईल.

मी कधी उलटून विचारत नाही. तेव्हा विचारलं, "मग अंग धरलं होतं ते?"

"ती सूज होती, बाई."

मीठ बंद झालं, सलाईनमधून औषध सुरू झालं. 'बहुतेक' हा शब्द मी उशाशी घेऊन बसले. ती विचारायची आणि मी तिला छावणी सांगायची: वासरू उभं राहिलं, आता आईला ढुसतंय, आता सावलीत बसलं. सांगता सांगता मलाही ते खोलीत आल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगावरच्या ब्लँकेटवरून हात फिरवत म्हणाली, "तांबडं हाय." मग बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.

"आई, कावून रडती?"

मी आवाज केला नव्हता.

सूज उतरली तसे तिचे गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. छावणीत परतलो तेव्हा शेजारची बाई हळहळली, पोर पार उतरली की. पोर माझा हात सोडून सरळ वासराकडं पळाली, मधल्या दाव्यांवरून उड्या मारत.