चित्रातली दूधआई

मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे एडिनबराला आल्या. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होण्याचं ट्रेनिंग घेत होते आणि तेव्हा मॅटर्निटी लीव्हवर होते. ट्रेनिंगमधली शेवटची मोठी परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. पुस्तकं टेबलावर काढून ठेवली होती, पण मी ती उघडतच नव्हते. मुलगी बाटलीला तोंड लावायची नाही, तिला दर दोन तासांनी मीच लागायची. परीक्षेतून नाव मागे घेण्याचा ईमेल लिहून मी ड्राफ्टमध्ये ठेवला होता. नवरा म्हणायचा, "तुला योग्य वाटेल ते कर, माझा सपोर्ट आहे." मग तो बँकेत कामाला जायचा आणि मी तो ड्राफ्ट पुन्हा उघडून बघायची.

सासूबाईंनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. दिवसभर लोकांची बोलणी जोडून दिल्यावर घरी बोलायला काही उरायचंच नाही, असं त्या सांगायच्या. इथेही त्या गप्पच असत. भाजी चिरत, बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत. पण तीन आठवडे सतत वारा आणि बंद खिडक्या पाहून त्याही कंटाळल्या.

"अगं, मला कुठेतरी ने," एका बुधवारी त्या म्हणाल्या. "दुकानं मात्र नकोत."

प्रॅम आत नेता येईल, ऊब असेल आणि बाळाला पाजायला बसता येईल, एवढंच पाहून मी एक आर्ट गॅलरी निवडली. इंप्रेशनिस्ट चळवळीतल्या स्त्री-चित्रकारांचं प्रदर्शन चालू आहे हे दारात गेल्यावर कळलं. इंप्रेशनिस्ट म्हणजे कमळांचं तळं आणि धूसर रंग, एवढंच मला माहीत होतं. त्यांच्यात बायकाही होत्या हे कधी कानावरही आलं नव्हतं.

भिंतीवरचा मजकूर मी त्यांना मराठीत सांगत गेले. त्या काळच्या पॅरिसमध्ये चांगल्या घरातल्या बाईला एकटीनं कॅफेत जाऊन बसता येत नसे. म्हणून त्यांनी घरात आणि अंगणात जे समोर होतं ते रंगवलं. बाग, बाल्कनी, आरशापुढे बसलेली बहीण. एकीची बहीणही तिच्याइतकीच चांगली चित्रं काढायची, लग्न झालं आणि तिचा ब्रश सुटला. एकीचा नवरा स्वतः कलावंत होता, पण बायकोची ही नवी पद्धत त्याला पसंत नव्हती. शेवटी तिनं चित्रं काढणं जवळजवळ बंदच केलं.

"काही नवीन नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मूल मांडीवर घेऊन त्याचे पाय धुणाऱ्या एका बाईच्या चित्रापुढे मात्र त्या बराच वेळ थांबल्या. हे काढणारीनं लग्न केलं नव्हतं, हे मी वाचून सांगितलं.

"मूलबाळ नाही? मग हे पाय तिला कसे काय जमले गं? पाणी लागलं की बाळ अंगठा असाच वर करतं."

शेवटच्या भिंतीवरच्या चित्रात पहिल्यांदा काहीच ओळखू येईना. हिरवे-पांढरे फटकारे नुसते. खुर्चीवर बसलेल्या अटेंडंट बाईंनी आम्हाला हातानं खूण केली, मागे सरका. आम्ही चार पावलं मागे गेलो, आणि गवतातून पांढऱ्या पोशाखातली एक बाई वर आली. तिच्या छातीशी बाळ होतं. मी पाटी वाचली. बाळ चित्रकर्तीचंच होतं. पाजणारी बाई म्हणजे त्याला दूध पाजायला पगारावर ठेवलेली दाई.

"आणि आई कुठेय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई समोर बसून चित्र काढतेय."

सासूबाईंनी चित्रातल्या दाईकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि हिचं स्वतःचं मूल?"

पाटीवर ते नव्हतं. मी अटेंडंटना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा बायका बहुतेक करून खेड्यातून यायच्या आणि स्वतःचं मूल गावीच ठेवून यायच्या.

तेवढ्यात आमची मुलगी उठली. मी समोरच्या बाकावर बसून तिला पाजायला घेतलं. सासूबाई शेजारी टेकल्या आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"तुझा नवरा तीन महिन्यांचा असताना मी ड्यूटीवर परत गेले. बाटलीनं त्याला जुलाब व्हायचे, पार वाळून गेला होता. शेजारच्या खोलीत एसटीतल्या कंडक्टरची बायको राहायची, मी त्याला तिच्याकडे ठेवून जायची. तिलाही तान्ही मुलगी होती. एक दिवस मी लवकर घरी आले, तर हा तिच्या पदराखाली."

"मग?"

"मला राग आला. तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. पण पोरगं पोटभर पिऊन झोपलं होतं. मी काही बोलले नाही, ती काही बोलली नाही. सहा महिने ती दोघांना पाजत होती. आमच्या सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ती आपल्या जातीतली नव्हती ना. मग आमची साताऱ्याबाहेर बदली झाली, पुढे परत आले तरी तिला भेटले नाही. तिला साधं 'बरं झालं तू होतीस' एवढंही मी म्हटलं नाही."

परतीच्या बसमध्ये त्यांनी एकदम विचारलं, "तो परीक्षेचा ईमेल पाठवलास का?"

मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं असणार.

"नाही अजून."

"पाठवू नकोस. सकाळचं मी बघते. दूध काढून ठेवायचं आणि निघायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी लायब्ररीत जायला लागले. बाटली नको म्हणणाऱ्या मुलीला त्या वाटी-चमच्यानं दूध पाजत. पहिले तीन दिवस ती खूप रडली, मीही लायब्ररीच्या टॉयलेटमध्ये रडले. चौथ्या दिवशी घरी आले तर ती त्यांच्या मांडीवर झोपली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर रागच आला. सासूबाईंनी वर पाहिलं आणि त्या हसल्या. "होतं असं," म्हणाल्या.

नवऱ्याला त्यांनी रविवारी जेवताना सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. एका चुलत नणंदेकडून त्या कंडक्टरच्या बायकोचा नंबर मिळवून आम्ही साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या आजी आल्या. नवऱ्यानं मी अमक्यांचा मुलगा असं सांगताच म्हणाल्या, "व्हय रे, वळखलं. लई चावरा होतास तू!" आम्ही सगळे हसलो, आणि त्याचे डोळे भरून आले.

लेखी परीक्षा मी पास झाले. तोंडी परीक्षेत पहिल्यांदा अडखळले, तोवर सासूबाई परत गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी जमलं. आता मी त्याच हॉस्पिटलमध्ये काम करते. इथे लिफ्टचं दार धरलं तरी थँक्यू, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू. सासूबाईंना मात्र मी तो शब्द म्हणू शकले नाही, तो फारच छोटा वाटला. फोनवर एवढंच सांगितलं, "आई, तुम्ही होतात म्हणून झालं." त्या म्हणाल्या, "बरं," आणि मुलीला दाढा आल्या का ते विचारलं.

गेल्या डिसेंबरात आम्ही साताऱ्याला गेलो. आजी लेकीकडे राहतात, हीच ती माझ्या नवऱ्याबरोबर दूध वाटून घेतलेली मुलगी. सासूबाई त्यांच्या खाटेवर बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तेव्हा बोलायला पाहिजे होतं गं मी."

"त्यात काय बोलायचं? दोघं भुकेली व्हती, दूध व्हतं," आजी म्हणाल्या, आणि लेकीला चहा टाकायला सांगितला. मग दोघी म्हाताऱ्या संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. सासूबाईंना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.