फाटकातली हाक

सिटीवेस्टच्या थांब्यावरून ट्राम सुटली, तशी शेजारची बाई तरुण मुलामुलींचे फोटो मांडीवर घेऊन पुटपुटू लागली. मला वाटलं, स्थळं बघतेय. न राहवून विचारलंच.

ती खळखळून हसली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना इतर कॉलेजांची दारं बंद होती, तेव्हा त्यांच्यासाठी निघालेल्या एका कॉलेजची ती प्राचार्य. “नावं पाठ करतेय. पहिल्या दिवशी फाटकात उभी राहून प्रत्येकाला नावानं हाक मारते.” एक फोटो वर ठेवत म्हणाली, “ही गेल्या वर्षी आठवड्यात घरी पळाली. पुन्हा येतेय. या वेळी टिकायला हवी.”

मीही मुख्याध्यापिका होते, मोठी ठसक्याची! स्वतःच्या नावाची पितळी पाटी रोज घासून घ्यायचे आणि मुलींना हजेरीच्या नंबरानं बोलवायचे. त्यातली एक, बावीस नंबर, शाळा सोडून गेली होती. उतरेपर्यंत त्या पोरीचं नाव आठवत बसले. पाटी तेवढी लख्ख आठवली.