यशपालच्या सतरंज्या

यशपालचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लागायचा नाही. साडेसहाला तो टॉवेलच्या कारखान्यात घडीच्या टेबलापाशी उभा असे. बारा टॉवेल, काठाला काठ, एक गठ्ठा. चौदा वर्षांत त्याची घडी कुणाला पुन्हा घालावी लागली नाही. शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणायची, "यशपाल, माज्या नवऱ्याला पण अशी घडी घालून दे की."

"माणसाला घडी पडत न्हाय," तो म्हणायचा. बोलणं तेवढंच.

हे ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याची तिशी उलटली होती. आई केसरबाईला सगळं आधीच माहीत होतं, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

रविवारी तो वस्तीतल्या विहारात सतरंज्या अंथरायचा. चार माणसांत जायची त्याला तेवढी एकच वाट सापडली होती. लोक येऊन विचारत, "यशपाल, कुटं बसू?" तो बोट दाखवी.

एकदा वंदना चालू असताना समितीचे जोतीरामकाका जरा सरकले आणि त्यांच्याखालची सतरंजी वाकडी झाली. यशपालने ती ओढून सरळ केली. काका पाठीवर पडले. लोक हसले, काका हसले नाहीत.

"केसरबाई, थोडे दिवस घरीच ठेवा त्याला," काका उठत म्हणाले.

घरी आल्यावर केसरबाईने त्याला समोर बसवलं. "मी सांगंपर्यंत विहारात आत जायाचं न्हाय. कळलं?"

"व्हय."

त्यानंतर दर रविवारी तो दाराबाहेर थांबून लोकांच्या चपला जोडीने लावू लागला. आत दुसरं कुणीतरी अंथरायचं, वाकडं. ते त्याला दारातून दिसायचं. थोडे दिवस म्हणता म्हणता सात महिने गेले. समितीने बोलावलं नाही, केसरबाईने स्वतःहून विचारलं नाही. जानेवारीत तिच्या छातीत दुखू लागलं, आणि दुपारपर्यंत ती गेली. सांगायचं ते राहूनच गेलं.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी यशपाल विहाराच्या पायरीशी नव्या सतरंज्यांचा गठ्ठा घेऊन उभा राहिला. बारा सतरंज्या, काठाला काठ. जोतीरामकाका बाहेर आले.

"ये बाबा आत. तूच अंथर. चुकलं माजं."

"आई सांगंल तवा."

"आई कुटनं सांगंल आता, यशपाल?"

त्याने गठ्ठा काकांच्या हातांवर ठेवला आणि तो चपलांकडे वळला.

काकांनी सतरंज्या स्वतः अंथरल्या, गुडघ्यावर बसून, हाताने काठ जुळवत. तरी तिसरी वाकडीच राहिली. केसरबाईने लेकाच्या म्हातारपणासाठी म्हणून त्याच्या पगारातून पैसे मागे टाकले होते. त्यातूनच या सतरंज्या आल्या होत्या. तिच्या नावाने सगळी वस्ती त्यांवर बसली.