मधुभाऊंनी घासलेली वेज

रविवारी सकाळी गोल्फची बॅग गाडीत ठेवत होतो, तेव्हा मधुभाऊंच्या मुलीचा, आरतीचा फोन आला. "काका, पहाटे बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. बॅग तशीच गाडीत टाकून मी हिंगणा रोडला त्यांच्या घरी निघालो. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मधुकरराव बोंडे, आमचे मधुभाऊ, हे नाव कुठल्या मोठ्या यादीत सापडणार नाही. पण माझ्या म्हातारपणाची दहा वर्षं त्यांनी भरून टाकली होती, आणि आता रविवार उजाडला की काय करावं ते समजत नाही.

हिंगण्याच्या एका कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन होते. मालकांना गोल्फचा नाद. त्यांची एक मोडलेली काठी दुरुस्तीला मधुभाऊंकडे आली आणि या माणसाला त्या लोखंडाचंच वेड लागलं. निवृत्तीनंतर मालकांनीच त्यांना मैदानावर आणलं. साधे कॅनव्हासचे बूट, इस्त्रीची पँट, शर्टाच्या खिशात छोटी स्टीलची मोजपट्टी... आमच्यासारखे अधिकारी पदावरून उतरलेले लोक त्यांच्याकडे जरा नवलानंच पाहायचे. मी पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, त्यामुळे आमचं मोजमापावरून जमलं. ते मला शेवटपर्यंत 'साहेब' म्हणत राहिले. कितीदा सांगितलं, ऐकलं नाही.

झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या जवळ आल्यावर चेंडू उंच उचलून अलगद टाकायला ज्या तिरप्या तोंडाच्या काठ्या लागतात, त्यांना वेज म्हणतात; तोंडाचा तिरपेपणा अंशांत मोजतात. माझ्यासारखा हौशी खेळाडू दुकानात जातो आणि चकाकी बघून त्या उचलतो. मधुभाऊंनी माझ्याकडून एक अख्खी सकाळ प्रत्येक वेजनं दहा-दहा चेंडू मारून घेतले आणि स्वतः पावलं टाकत अंतरं मोजली. सर्वांत कमी तिरपी शंभर यार्ड जात होती, छप्पन्न अंशांची जेमतेम पासष्ट. "मंग ऐंशीवर चेंडू पडला तं काय करता, साहेब?" त्यांनी विचारलं. दुसऱ्याच आठवड्यात मी मधली, बावन्न अंशांची घेतली. स्वतः त्यांच्याकडे छप्पन्नच्या दोन होत्या. एक मे महिन्यासाठी, जमीन फरशीसारखी टणक होते तेव्हाची, पातळ तळाची. दुसरी जाड तळाची, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतू नये म्हणून. बॅगेत एका वेळी एकच. घरून निघण्याआधी अंगणातली माती बघून ते ठरवायचे.

मग माझ्या मुलानं परदेशातून साठ अंशांची एक देखणी वेज आणली. मधुभाऊंनी ती उलटी करून तळ निरखला आणि कारण न देता घरीच ठेवायला सांगितलं. मी ऐकलं नाही. मे महिन्यात जोड्यांची स्पर्धा होती, आम्ही दोघं एकत्र खेळत होतो आणि शेवटच्या होलपर्यंत पुढे होतो. चेंडू हिरवळीपासून वीस पावलांवर होता. ते हळूच म्हणाले, "छप्पन्न काढा." माझे मित्र कडेला उभे होते, मला त्यांना उंच फटका दाखवायचा होता. मी साठ काढली. जाड तळाची ती काठी टणक जमिनीवरून उसळली, चेंडूच्या मधोमध लागली आणि चेंडू हिरवळ ओलांडून थेट झुडपांत गेला. आम्ही हरलो. मधुभाऊंनी माझी बॅग उचलून गाडीपर्यंत आणून दिली, नेहमीसारखा नमस्कार केला आणि स्कूटरवर बसून निघून गेले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या शांतपणानं मी इतका ओशाळलो, की त्यांना फोनच केला नाही. आज करू, उद्या करू... असे चार महिने गेले. मैदानावर जायची वेळसुद्धा मी बदलली. आणि एका दुपारी आरतीकडून समजलं, की बाबांवर धंतोलीतल्या दवाखान्यात उपचार चालू आहेत, पोटाचा आजार आहे, एक ऑपरेशन झालंय. दोन महिने होऊन गेले होते त्याला.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. निम्मे झाले होते ते. मी खुर्ची ओढून बसतोय, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "साठ आणली का?" मला वाटलं, टोमणा असेल. तो टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली, तेव्हा घरामागच्या छोट्या खोलीत त्यांनी ती शिकंज्यात धरली आणि बसूनच कानशीनं तळ घासायला लागले. दर थोड्या वेळानं थांबून दम घ्यायचे. मी नको म्हणालो, तर त्यांच्या पत्नी शोभावहिनींनी दारातून डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"तुमची चूक नव्हती, साहेब," ते म्हणाले. "हिचा तळच आपल्या मातीचा नव्हता. मले हरलो त्याच दिवशी समजलं होतं."

"मग सांगितलं काहून नाही?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तुमच्या फोनची वाट पाहून राहिलो होतो."

खाली मान घालून ते परत घासायला लागले.

हिवाळ्यात थोडी ताकद आली तेव्हा ते मैदानावर आले. बॅग पेलवत नव्हती म्हणून तीन काठ्या हातात घेऊन. पुढच्या खेपेला दोन. शेवटी फक्त छप्पन्न, आणि तिच्यावरच टेकून ते चालायचे. मी घासलेल्या साठनं मारलेला चेंडू उंच जाऊन झेंड्याजवळ टपकला, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. त्या चार महिन्यांतली एखादी सकाळ, एकच, परत मिळाली असती तर... हे मनातून जात नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी मला मागच्या खोलीची किल्ली दिली. म्हणाल्या, "भाऊ, अधूनमधून येऊन बसत जा. तेवढीच खोली उघडी राहते." आता दर रविवारी आधी तिथे जातो. त्यांच्या स्टुलावर बसतो, वहिनी चहा आणून ठेवतात. खिडकीखाली तेलाचा वास अजून आहे. परवा त्यांची कानस हातात घेतली. ती कुठल्या काठीला लावायची, हे विचारायला कुणी नव्हतं.